ऱ्हस्व मुलगी, दीर्घ मुलगी

डॉक्टरीणबाईंनी तीन पानी अहवाल हातात ठेवला, तेव्हा अनुस्वारांनी आधी त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या आणि मग ते रडले. हा क्रम असा का लागला, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. घाबरलेला माणूस हाताला येईल ते धरतो. त्यांच्या हाताला लाल पेन आलं.

अनुस्वार हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हे काम ते एकोणीस वर्षं इमानेइतबारे करत होते. तिथल्या लोकांनी हे नाव ठेवलं त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे अंगकाठी, आणि दुसरं म्हणजे जाऊन दुसऱ्याच्या डोक्यावर बसायची सवय.

अहवालात लिहिलं होतं की त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला ऑटिझम आहे. घरात तिला सगळे ‘सरकार’ म्हणत. सरकारला काय हवंय ते सरकार कधी सांगत नसे, पण ते मिळालं नाही की दोन्ही मजल्यांना कळत असे. समोर उभं राहून दहा हाका मारल्या तरी सरकार वळायचं नाही, आणि आतल्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की क्षणात हजर.

“हा काही ताप नाही, औषध दिलं आणि उतरला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तिची रीतच वेगळी आहे. पण तिच्या मनात काय आहे ते तिला सांगता यायला हवं, म्हणून थेरपी लवकर सुरू करा. बोलण्याची एक आणि हातापायांच्या हालचालींची एक.”

अनुस्वारांनी डोळे पुसले आणि अहवाल पुढे सरकवला. “एवढ्या चार दुरुस्त्या करून मिळतील का? यात मुलीच्या नावाचा शेवटचा इकार ऱ्हस्व पडलाय. मराठीत शेवटी दीर्घ येतो.”

बाईंनी शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोकडे पाहिलं. बायकोने ‘करून टाका’ अशा अर्थाची मान हलवली. बाहेरच्या टंकलेखिकेने पाच मिनिटांत अहवाल दुरुस्त करून दिला आणि अनुस्वारांना त्या दिवसापुरतं बरं वाटलं.

ही बायको एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती. रोज शेकडो काचेची भांडी तिच्या हातांखालून जात, त्यामुळे आदळआपट करून काही साधत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याच आठवड्यात थेरपीचं केंद्र शोधून काढलं. तिथल्या ताई म्हणाल्या, “मंगळवार आणि शुक्रवार, चारची वेळ रिकामी झालीय. पंधरा दिवस धरून ठेवते. ही गेली तर पुढची सात महिन्यांनी.”

छापखान्याच्या कचेरीतून कळलं की सगळ्या कर्मचाऱ्यांच्या विम्यात थेरपी बसते, फक्त मंजुरी आधी घ्यावी लागते. मंजुरी नसताना सुरू केलेलं काहीही धरलं जाणार नाही. सोबत चौदा पानांचा फॉर्म आणि ऐंशी पानांची पुस्तिका मिळाली.

“कागदपत्रांचं माझ्यावर सोड,” अनुस्वार बायकोला म्हणाले. “कागद हेच तर माझं आयुष्य. दोन दिवसांचं काम.”

बायकोने कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहिलं. लग्नानंतर त्यांनी ‘दोन दिवसांत’ लावायला घेतलेलं पुस्तकांचं कपाट अजून दोन फळ्यांवर उभं होतं.

बातमी जिन्यातून वर गेली आणि सल्ले जिन्यातून खाली आले. एकीने टीव्ही बंद करायला सांगितलं, तर दुसरीने टीव्ही लावून ठेवायला, म्हणजे शब्द कानावर पडतील. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींचा भाचा पाच वर्षांचा होईपर्यंत बोललाच नव्हता आणि आता वकील होता. असा भाचा प्रत्येक इमारतीत एक तरी असतो आणि तो वकीलच असतो. अनुस्वारांची आई हे सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि दार लावल्यावर म्हणायची, “आपली पोर आपल्याला कळते. बाकीच्यांचं ऐकायचं आणि चहा द्यायचा.”

सल्लागारांतले मुख्य म्हणजे वरच्या मजल्यावरचे विमाकाका. त्यांनी तीस वर्षं लोकांना विमा विकला होता. विकलेला विमा पुढे लोकांना मिळतो कसा, हे मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कारण तो खात्याचा दुसरा विभाग. काका खुर्चीत बसून म्हणाले, “फॉर्म भरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. रकाना रिकामा सोडायचा नाही आणि रकान्यात जास्त लिहायचं नाही.”

“आणि काय लिहायचं?”

“ते ज्याचं त्याने ठरवायचं,” काका म्हणाले आणि दुसरा चहा घेऊनच उठले.

अनुस्वार फॉर्म भरायला बसले. पहिल्याच पानावर ‘आरोग्य’वर नसलेला रफार कोणीतरी चढवून दिला होता. तिसऱ्या पानावर ‘विमाधारक’ दोन प्रकारे छापला होता. नवव्या पानावरचं वाक्य सुरू झालं होतं पण संपलं नव्हतं. माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते. त्यांनी लाल पेन काढलं आणि समासात रीतसर खुणा करत, आपली उत्तरं निळ्या शाईत व दुरुस्त्या लाल शाईत, असा चौदा पानांचा सुबक नमुना तयार केला. आपण कंपनीवर उपकारच करतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

विमा कंपनीच्या चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी फॉर्म उलगडला आणि पानं चाळत गेल्या. सातव्या पानावर त्यांनी चष्मा काढला.

“हे कोणी केलंय?”

“मी.”

“का?”

“चुका होत्या.”

“फॉर्म तुमचा आहे का?”

अनुस्वारांनी नम्रपणे सांगितलं की पुढच्या छपाईच्या वेळी या खुणा उपयोगी पडतील. बाईंनी ‘खाडाखोड असलेला अर्ज’ असा शिक्का मारला, कोरा फॉर्म दिला आणि पुढचा नंबर पुकारला. शिक्क्यातही ‘अर्ज’चा रफार पुसट होता. अनुस्वारांनी तो पाहिला, गिळला आणि निघाले. एकोणीस वर्षांत प्रथमच त्यांच्याच कागदावर कोणी तरी चूक काढली होती, आणि तीही न वाचता.

दुसरा फॉर्म त्यांनी डोळे अर्धवट मिटून भरला, म्हणजे छापलेलं फारसं दिसू नये. तरी एकतिसाव्या प्रश्नाशी गाडी अडलीच. ‘रुग्णाचे बोलणे कोणत्या तारखेपासून बंद झाले?’

सरकारचं बोलणं बंद झालं नव्हतं. ते सुरूच झालं नव्हतं. रकाना रिकामा सोडायचा नव्हता. काका म्हणाले, “टाका एक तारीख. मशीनला तारीख लागते.”

“खोटी?”

“अंदाजे.”

अनुस्वार दोन दिवस त्या रकान्यापुढे बसून राहिले. शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘अद्याप सुरू व्हायचे आहे.’ हे वाक्य लिहून झाल्यावर ते शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत बसले, हे बायकोने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि ती परत आत गेली.

खिडकीतल्या बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. या वेळी त्यांचा आवाज जरा मऊ होता. “असं आहे, गेलेलं बोलणं परत आणायचं असेल तर ते उपचारात धरतात. मुळात नसलेलं आणायचं असेल तर ते शिक्षणात जातं. शिक्षण आमच्याकडे नाही.”

“म्हणजे तिने आधी बोलायला हवं होतं आणि मग थांबायला हवं होतं?”

“माझ्याकडे जे लिहिलंय ते मी सांगते,” बाई म्हणाल्या.

त्या दिवशी अनुस्वार घरी आले ते तडक पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. सरकार आपल्या चमच्यांची रांग लावत होतं. बायकोने पुस्तिका उघडली आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला लागली. तासाभराने तिने विचारलं, “ही तुम्ही वाचलीत ना?”

“दोनदा,” भिंतीकडून उत्तर आलं. “एकशे सतरा चुका आहेत.”

“पान एकसष्ट. पुरवणी तीन. ‘वाढीच्या वयातील बालकांच्या बाबतीत, बोलणे पूर्वी होते की नव्हते याचा विचार न करता थेरपी ग्राह्य धरली जाईल.’”

अनुस्वार उठून बसले. ते वाक्य त्यांना चांगलं आठवत होतं. त्यातल्या ‘ग्राह्य’मध्ये जोडाक्षर चुकलेलं होतं आणि त्यांनी त्याला गोल केला होता. वाक्यात काय म्हटलंय याकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. इतकी वर्षं अक्षरं तपासणाऱ्या माणसाचं असं होतं, हे त्यांच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. पण ते बायकोपुढे उघडं पडावं असं कोणालाच वाटत नाही. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, पान एकसष्ट शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “तू वाचलंस म्हणून बरं झालं.” असं वाक्य त्या घरात क्वचितच बोललं जायचं. बायकोने ते ऐकून घेतलं आणि आवरायला लागली.

तिसऱ्या फेरीत पुरवणी तीनचा कागद पाहून चार नंबरच्या बाईंना खरोखर आनंद झाला. “हे मला माहीतच नव्हतं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं. मग त्या कागद जुळवायला लागल्या आणि थांबल्या.

“मुली दोन आहेत का तुम्हाला?”

“एक.”

“इथे दोन दिसतात. जन्माच्या दाखल्यावर आणि विम्यावर जी आहे तिच्या नावाच्या शेवटी ऱ्हस्व आहे. डॉक्टरांच्या अहवालातली दीर्घ आहे. मशीन जुळवत नाही.” त्यांनी मशीनचा पडदा वळवून दाखवला. “मशीनच्या मते जिचा विमा आहे तिला ऑटिझम नाही, आणि जिला ऑटिझम आहे तिचा विमा नाही.”

अनुस्वारांनी पडद्यावरचे दोन्ही इकार पाहिले. जन्माची नोंद करायला चार वर्षांपूर्वी त्यांची आई गेली होती आणि तिथल्या कारकुनाने नाव ऱ्हस्व लिहिलं होतं. ‘एकदा जाऊन नीट करून आणतो’ असं ते तेव्हापासून म्हणत आले होते. डॉक्टरीणबाईंच्या टंकलेखिकेने दाखला बघून अगदी बरोबर ऱ्हस्व लिहिलं होतं. तो दीर्घ कोणी करून घेतला, हे या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस खिडकीसमोर उभा होता.

“दाखला बदलायला किती दिवस लागतील?” त्यांनी विचारलं.

“तीन महिने. अहवाल बदलणं सोपं.”

म्हणून दुसऱ्या दिवशी अनुस्वार दवाखान्यात टंकलेखिकेसमोर उभे राहिले. तिने त्यांना ओळखलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.

“शेवटचा इकार ऱ्हस्व करून हवाय,” ते म्हणाले.

“पण तुम्हीच त्या दिवशी म्हणालात की मराठीत शेवटी दीर्घ येतो.”

“येतो.”

“मग?”

“तरी ऱ्हस्व करा.”

“एकदा दुरुस्त करून दिलेलं परत असं नुसतं नाही बदलता येत. अर्ज द्यावा लागेल. काय चूक आहे ते लिहून.”

खुर्चीवर बसून, मांडीवर कागद धरून, अनुस्वारांनी आयुष्यात प्रथमच बरोबर अक्षर चुकीचं करून मिळावं असा विनंतीअर्ज लिहिला. ‘अर्जदाराच्या आग्रहामुळे दीर्घ झालेला इकार पूर्ववत ऱ्हस्व करण्यात यावा.’ लिहून झाल्यावर त्यांनी तो एकदा वाचला. अर्जात एकही चूक नव्हती. टंकलेखिकेने तो फायलीला लावला आणि म्हणाली, “माझ्या भावाचं नावही असंच प्रत्येक कागदावर वेगळं आहे. आम्ही नाद सोडला.”

तोपर्यंत बारा दिवस गेले होते. केंद्रातून ताईंचा फोन आला की जागेसाठी दुसरे पालक विचारतायत. अनुस्वार पुस्तिका उघडून मंजुरीचा नियम वाचून दाखवू लागले. बायकोने फोन त्यांच्या हातातून घेतला. “मंगळवारी येतो,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने एवढंच सांगितलं, “मंजुरी येईल तेव्हा येईल. पोर आज चार वर्षांची आहे, थांबून राहणार नाहीये.”

पहिल्या मंगळवारी सरकार खोलीत शिरलं ते थेट टेबलाखाली. अनुस्वार खजील होऊन वाकले. “बाहेर ये बघू. ताई काय म्हणतील?”

ताईही टेबलाखाली शिरल्या आणि पाऊण तास दोघी तिथेच होत्या. बाहेर फक्त ताईंच्या चपला आणि सरकारचे मोजे दिसत होते. अनुस्वारांनी विचारलं, “मी काय करू?”

“काही नका करू,” टेबलाखालून उत्तर आलं. “बसा.”

काही न करता बसणं हे मोठं कठीण काम आहे. समोरच्या फलकावर ‘कृपया शांतता’ लिहिलं होतं आणि ते निर्दोष होतं, त्यामुळे तोही आधार नव्हता. ते बसले आणि आपल्या मुलीचे टेबलाखालून दिसणारे मोजे बघत राहिले. तिचा डावा पाय सारखा हलतो आणि ती खूश असली की हलायचा थांबतो, हे त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

ताईंनी सरकारच्या कमरेला एक कडी अडकवली. त्या कडीला चार चित्रांची कार्डं होती, चित्राखाली शब्द: ‘हवं’, ‘नको’, ‘मदत’, ‘पुरे’. हवं त्या वेळी हवं ते काढून समोरच्याच्या हातात द्यायचं. पहिल्या तीन वेळा ताईंनीच तिचा हात धरून कार्ड काढवलं. सरकारने ते फेकलं, चाटलं आणि एकदा त्यावर बसून घेतलं.

चौथ्या भेटीच्या आदल्या दिवशी कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अनुस्वारांना बोलावलं. पुरवणी तीनचा हा पहिलाच अर्ज होता आणि त्यांना समक्ष बोलायचं होतं. त्याच दिवशी आईला डोळे तपासायचे होते, बायकोच्या कॉलेजात परीक्षा होती, तेव्हा सरकारही सोबत निघालं.

वैद्यकीय अधिकारी पोक्त गृहस्थ होते. त्यांनी टेबलावरची टाचण्यांची डबी बाजूला सारून कागदांना लावायच्या रंगीत चिमट्यांची डबी सरकारपुढे ठेवली आणि सरकार जमिनीवर बसून चिमट्यांची रांग लावू लागलं. अनुस्वारांनी घसा साफ केला. आठवडाभराची तयारी होती. पान एकसष्ट, त्यातला स्वल्पविराम, ‘ग्राह्य’ या शब्दाची व्युत्पत्ती, मग एकतिसावा प्रश्न, मग आपल्या व्यवसायातला अनुभव. अधिकारी दोनदा “बरोबर आहे” म्हणाले. तेवढ्याने थांबायला अनुस्वार तयार नव्हते. त्यांचा आवाज चढत गेला.

सरकार उठलं. कडी चाचपली, एक कार्ड ओढून काढलं, चालत आलं आणि ते बापाच्या हातात ठेवलं.

‘पुरे’.

अनुस्वार वाक्याच्या मध्येच थांबले. सरकार तोवर परत चिमट्यांकडे गेलं होतं. अधिकाऱ्यांनी मान वाकडी करून कार्ड वाचलं.

“मलाही हेच म्हणायचं होतं,” ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “हे ती आधीपासून करते?”

“नाही,” अनुस्वार म्हणाले. “आज पहिल्यांदा. आपणहून पहिल्यांदा.”

“शिकली कुठे?”

इथे अनुस्वारांच्या लक्षात आलं की आपण कुठे येऊन उभे आहोत. मंजुरीआधी सुरू केलेलं काहीही धरलं जात नाही. घरी शिकवलं म्हटलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं. काकांनी तर तसंच बजावलं होतं. ते हातातल्या कार्डाकडे बघत राहिले.

“केंद्रात,” ते म्हणाले. “तीन भेटी झाल्या. मंजुरीची वाट पाहिली असती तर जागा गेली असती. मला नियम माहीत होता.”

अधिकाऱ्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. “त्या तीन भेटी धरता येणार नाहीत,” ते शेवटी म्हणाले. “उद्यापासूनच्या धरतो. वर्षाला ऐंशी, मग पुन्हा बघू. आणि तो एकतिसावा प्रश्न मुलांच्या फॉर्ममधून काढायला सांगतो. तो कोणी घातला, देव जाणे.”

अनुस्वारांनी आभार मानले, तेही एकाच वाक्यात. दाराशी गेल्यावर सरकारने डबीतले दोन निळे चिमटे मुठीत धरून ठेवल्याचं उघडकीस आलं. ते परत मिळवण्यात वीस मिनिटं गेली आणि त्यात अधिकारी स्वतः जमिनीवर बसले. शेवटी एक चिमटा कंपनीला मिळाला.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “चला, घरात तुला गप्प करणारं कोणीतरी आलं.” बायको परीक्षेहून आली तेव्हा तिला कार्डाची गोष्ट सांगायला तिघांनीही एकदम सुरुवात केली, कारण विमाकाकाही येऊन बसले होते आणि त्यांच्या मते हे सगळं त्यांच्या सल्ल्यामुळे झालं होतं. बायकोने ती गोष्ट त्या संध्याकाळी तीनदा सांगायला लावली.

दोन महिने गेले. मंगळवार-शुक्रवार दुपारची सुटी छापखान्याने कुरकुरत दिली. सरकार अजून बोलत नव्हतं. टेबलाखालून मात्र आता टेबलावर आलं होतं.

एका शुक्रवारी केंद्रातून परतताना बापलेक रस्त्याने चालले होते. वाटेत धुलाई यंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं आणि त्या दिवशी कारागिराने एक यंत्र काच रस्त्याकडे करून तपासायला लावलं होतं. आत एक पिवळं फडकं गोल फिरत होतं. सरकारचे पाय थांबले. अनुस्वारांचं लक्ष पलीकडच्या थांब्यावर होतं, कारण बस येताना दिसत होती.

“चल, चल, बस आली.”

सरकार हललं नाही. आजवर तिने बापाचा हात धरून ओढला होता तो वरच्या फळीवरचं काहीतरी काढून घ्यायला, नाहीतर दार उघडून घ्यायला. आता तिने हात वर केला, त्यांना वाकायला लावलं, दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली आणि तोंड काचेकडे वळवलं. मग ती फडक्याकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दिसतंय ना याची खात्री करून घेत.

अनुस्वार पदपथावर उकिडवे बसले. फडकं वर जात होतं, क्षणभर लटकत होतं आणि धप्पकन खाली पडत होतं. पलीकडे बस थांबली आणि गेली. पुढची पंचवीस मिनिटांनी होती.

कारागीर आतून हात पुसत बाहेर आला. “काही दुरुस्तीला आणलंय का?”

“नाही,” अनुस्वार म्हणाले. “आम्ही बघतोय.”